नमिताची यादी आणि माझे पाचशे पन्नास वॅट

मी एक जुना एसएमपीएस आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, मित्रांनो. संगणकाच्या पोटात, अगदी खालच्या कोपऱ्यात एक काळा, चौकोनी, वजनदार डबा असतो. त्याला एका बाजूला पंखा असतो आणि दुसऱ्या बाजूने तारांचा जुडगा बाहेर आलेला असतो. तो डबा म्हणजे मी. भिंतीतून येणारी वीज संगणकाच्या कोणत्याच भागाला जशीच्या तशी सोसत नाही. ती आधी माझ्याकडे येते. मी तिला सौम्य करतो, तिचे वाटे घालतो आणि ज्याला जेवढी लागते तेवढी पोचवतो. घरात सगळ्यांना वाढणारे एक माणूस असते ना, तसे माझे काम. आणि त्या माणसासारखेच माझेही होते. पानात काही कमी पडेपर्यंत त्याची आठवण कोणाला येत नाही.

माझ्या अंगावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ५५० वॅट. तो नुसता आकडा नाही, तो माझा शब्द आहे. कारखान्यात मला तासन् तास पूर्ण ओझ्याखाली चालवून पाहिले आणि मगच ती चिठ्ठी लावली. तिथेच मला आणखी एक गोष्ट शिकवली गेली. यापेक्षा जास्त ओझे अंगावर आले, तर थांबायचे. कुरकुर करायची नाही, क्षणात सगळे बंद करायचे. नाहीतर तू जळशील आणि तुझ्याबरोबर बाकीचेही जळतील. ही शिकवण मी आयुष्यभर पाळली. तिच्यापायी शिव्याही खाल्ल्या.

जहाजातून मी न्हावा-शेवा बंदरात उतरलो आणि तिथून टेम्पोने महाप्याला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एका इमारतीत निशांतचे दुकान होते. निशांत आधी तिथल्याच एका आयटी कंपनीत नोकरीला होता. ती सोडून तो लोकांना हवे तसे संगणक जोडून देऊ लागला. विशेषतः गेम खेळण्यासाठीचे. त्याच्या दुकानात समोरच्या काचेच्या कपाटात ग्राफिक्स कार्डे मांडलेली असत. पडद्यावरचे चित्र घडवणारा भाग तो. दोन-दोन, तीन-तीन पंख्यांची, दिव्यांची, मोठा भाव खाणारी ही कार्डे. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिथे उभे राही. मी मागच्या फळीवर, खोक्यात. सगळी खरेदी झाली की उरल्यासुरल्या पैशांत कोणता तरी एसएमपीएस टाका, असे लोक सांगत. हे ऐकून ऐकून माझा जीव विटला होता.

आणि मग एका शनिवारी नमिता आली.

ती रबाळे गावातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, हातात शंभर पानी वही. तिने काचेच्या कपाटाकडे बघितलेसुद्धा नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "सर, तुमच्याकडे चांगला एसएमपीएस कुठला आहे?"

निशांतने चष्मा वर केला. "पहिल्यांदाच कोणीतरी हे आधी विचारतंय," तो म्हणाला. त्याने मला खोक्यातून काढून तिच्या हातात दिले. तिने माझी चिठ्ठी पूर्ण वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट. त्या दिवसापासून मी त्या पोरीचा झालो. नंतर कोणी कितीही पैसे देऊन मला नेले असते, तरी माझे मन तिथेच राहिले असते.

त्यानंतर ती पाच शनिवार येत राहिली. दर वेळी वहीत नवी यादी आणि दर वेळी निशांत तिची परीक्षा घेई. कार्ड भारी आणि प्रोसेसर हलका घेतला तर काय होईल? ती सांगे, कार्ड पुढे धावेल आणि कामासाठी प्रोसेसरची वाट बघत बसेल. त्याचा निम्मा जोर फुकट. पडदा साधा असताना कार्ड मोठे घेतले तर? तर जे चित्र दाखवायला जागाच नाही, ते काढण्यासाठी आपण पैसे मोजले. कार्ड फार लांब असले तर? तर कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या पेटीत, पुढचा पंखा बसणार नाही आणि सगळे तापेल. शेवटी निशांतने विचारले, "आणि एसएमपीएस?"

"सगळ्यांची बेरीज साडेतीनशेच्या आसपास होते," नमिता म्हणाली. "पाचशे पन्नास घेतला की त्याला श्वास घ्यायला जागा राहते."

मित्रांनो, माझ्या श्वासाची काळजी तोवर कोणी केली नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. ऐरोलीला राहणाऱ्या क्षिप्रा नावाच्या मुलीने पाच मुलींचा एक संघ बांधला होता. स्पर्धांमध्ये उतरणारा, कसून सराव करणारा. त्यात पाचवी जागा नमिताला मिळाली होती. ती तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये आणि मैत्रिणींच्या घरी जाऊन खेळत असे. दिवाळीनंतर स्पर्धेची पात्रता फेरी होती आणि ती प्रत्येकीने आपापल्या घरून खेळायची होती. क्षिप्राने तिला स्पष्ट सांगितले होते, "तुझा गेम टॉप आहे गं, पण मॅचमध्ये मशीन बंद पडलं तर आपण पाचाचे चार होतो. मशीन पक्कं पाहिजे. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." नमिताला दुसरे काही नको होते. ती जागा तेवढी हवी होती.

तिच्या वडिलांचे नाव नामा. गावातली जुनी, जमीन असलेली आगरी मंडळी. जमीन कारखान्यांत गेली, त्याचे घर झाले, घरावर भाड्याच्या खोल्या झाल्या. पण नामाशेठचा जीव खोल्यांत नव्हता, त्यांच्या साऊंडमध्ये होता. हळदी, साखरपुडे, क्रिकेटचे सामने, जिथे मोठा आवाज लागेल तिथे त्यांचा टेम्पो उभा. गल्लीत समोरच त्यांच्या चुलत भावाचे घर, आणि त्यांचाही साऊंडचाच धंदा. इकडच्यांनी हळदीला आठ बेस, म्हणजे धडधडणारे मोठे स्पीकर, लावले की तिकडचे दहा लावणार. तिकडच्यांनी दहा लावले की इकडचे बारा. बोलणे बंद नव्हते, जेवणावळींना येणे-जाणे होते, पण कमीपणा घ्यायचा नाही, हा दोन्ही घरांचा कायदा होता.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच नामाशेठ निशांतच्या दुकानात आले. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. नमिता घरी स्पीकरना झेंडूच्या माळा बांधत होती. तिला न सांगता तिच्या वहीतले यादीचे पान त्यांनी काढून आणले होते. पोरीने मागितलेले यंत्र दसऱ्याच्या मुहूर्तावर आपण होऊन घरी न्यायचे, असा त्यांचा बेत. बेत फार गोड होता. तेवढ्यात त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली.

"यो कुठला?" त्यांनी सगळ्यात मोठ्या कार्डाकडे बोट दाखवले.

"शेठ, यादीत जे आहे ते बरोबर आहे," निशांत म्हणाला. "मोठं कार्ड घेतलं तर एसएमपीएसही मोठा लागेल. साडेआठशेचा होता, पण शेवटचा पीस काल संध्याकाळी गेला. तुमच्याच धनेशने नेला. मशीनपण त्याने जोडून नेलं. नवा माल यायला चार दिवस."

धनेश म्हणजे समोरच्या घरातला मुलगा, त्या चुलत भावाचा. साऊंडवाल्या घरात वाढलेला. त्यामुळे संगणक घेतानाही त्याने पहिला प्रश्न विचारला होता, जास्तीत जास्त वॅटचा कुठला? कार्ड मात्र त्याने बेताचेच घेतले होते, नमिताच्या यादीत होते अगदी तेच.

नामाशेठचा चेहरा बदललेला मी फळीवरून पाहिला. "धन्या वॅट घेऊन गेला काय? मंग आपन कार्ड मोठा नेनार."

"चार दिवस थांबा मग."

"दसरा थांबतो का चार दिवस?" त्यांनी माझ्याकडे बघून हात उडवला. "यो तं डब्यात खाली बसनार. याला कोन बगतंय? आता हाच घाल. मागून बदलू."

निशांतने पुन्हा समजावले. मग आपल्या परीने जमेल तसे जोडून दिले. त्या कार्डाला माझ्याकडून तीन तारा हव्या होत्या आणि माझ्याकडे दोनच होत्या. तिसरीसाठी जोड लावावा लागला. कार्ड आत मावेना, म्हणून पुढचा पंखा काढून ठेवावा लागला. बिलाच्या खाली निशांतने स्वतःच्या हाताने लिहिले, 'एसएमपीएस लवकर बदलणे.' नामाशेठनी बिल न वाचताच घडी करून खिशात घातले आणि मला मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. मला म्हणजे, आम्हा सगळ्यांना. पण खरी गोष्ट अशी, की रबाळ्यापर्यंत त्यांनी ते खोके एकदाही खाली ठेवले नाही. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरीत.

घरी एकच गडबड उडाली. नमिताची आई पुतळाबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या. नमिता धावत आली, आणि काचेतून तिने आधी कार्ड पाहिले. मग ती खाली वाकली आणि जाळीतून माझी चिठ्ठी वाचली. तिला एका क्षणात सगळे कळले. माझी खात्री आहे, कारण तिचा हात जाळीवर तसाच राहिला. मग तिने मान वर करून वडिलांकडे पाहिले. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, शर्टाच्या बाह्या नीट करीत, आणि त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर लागले होते.

"मस्त आहे, बाबा," ती म्हणाली. "एकदम मस्त."

नामाशेठचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अर्धी गल्ली बोलावली. धनेशही आला, कार्डाची लांबी वितीने मोजून गेला, आणि नामाशेठना दसरा पावला.

पुढचे दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. नमिता अभ्यासाचे काही लिहीत असे तेव्हा काही त्रास नव्हता. कार्ड झोपलेले असे, मी निवांत. पण गेम सुरू झाला, लढाई पेटली, की ते कार्ड एकदम जागे होई आणि माझ्याकडे हात पसरी. अजून दे, अजून दे. त्याचा तरी काय दोष? त्याची भूकच तेवढी. मी साडेपाचशेपर्यंत देत राहायचो, माझा पंखा घोंघावायचा, अंग तापायचे, आणि एका क्षणी भूक माझ्या शब्दापलीकडे जायची. मग मला शिकवले होते तेच मी करायचो. सगळे बंद. पडदा काळा.

पहिल्यांदा झाले तेव्हा नमिताने कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा झाले तेव्हा क्षिप्राचा फोन आला. "एकदा ठीक आहे, दोनदा पण ठीक आहे. पण फेरीच्या आधी अजून एकदा झालं ना, तर मी वैदेहीला घेणार. टेन्शन नको मला." वैदेही म्हणजे त्यांची राखीव खेळाडू. नमिता फोन ठेवून बराच वेळ माझ्या बाजूच्या जाळीकडे बघत बसली.

तिने मग एक युक्ती केली. त्या भल्यामोठ्या कार्डाला तिने संगणकातूनच लगाम घातला. निम्म्या जोरानेच चालायचे, जास्त मागायचे नाही. म्हणजे बघा, सगळ्या गावात मोठे म्हणून आणलेले कार्ड, आणि ते घरात मान खाली घालून चालत होते. संध्याकाळी कोणी पाहुणे आले की नामाशेठ त्यांना आत आणून दाखवीत, "असा कार्ड रबाल्यात दुसरा नाय." नमिता हसून मान हलवी. वडिलांना काही कळू द्यायचे नाही, हे तिने ठरवले होते. मोठा एसएमपीएस घ्यायचा तर पैसे त्यांच्याकडेच मागावे लागले असते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिने किती सोसले, ते खाली बसून मी रोज पाहत होतो.

पुतळाबाईंच्या मायेची तर आणखीच वेगळी तऱ्हा. त्यांनी मिक्सरला शिवतात तसे झालरीचे कव्हर कॅबिनेटला शिवले. जरीकाठाचे होते. यंत्र चालू असतानाच त्या ते वरून चढवीत, धूळ बसू नये म्हणून. नमिता खेळायला बसताना ते हळूच काढी आणि उठताना पुन्हा घाली. कॉलेजला जाताना यंत्र बंद आहे ना, हे दोनदा बघे. त्या घरात सगळे एकमेकांवर जीव टाकीत होते, आणि त्या मायेखाली मी गुदमरत होतो.

लगाम घातला तरी तो पुरा नव्हता. लढाईत क्षणभराची उसळी यायचीच. पात्रता फेरी रविवारी सकाळी होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, नमिता एकटीच सराव करीत बसली होती. संघातल्या बाकीच्या तेव्हा जोडलेल्या नव्हत्या, हे तिचे नशीब. नामाशेठ जेवून उठले आणि पोरीचा खेळ बघायला खुर्ची ओढून शेजारी बसले. पहिल्यांदाच. आपल्या कार्डाचा पराक्रम त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. लढाई सुरू झाली, चार-पाच जण एकदम पडद्यावर आले, आणि मी थांबलो.

पडदा काळा झाला. नामाशेठनी पडद्याला टिचकी मारली, बटण दाबले, मग वाकून माझ्याकडे बघितले. "यो एसएमपीएस फालतू दिला त्यानं," ते म्हणाले. "त्या निशांतच्या टालक्यावर नेऊन आपटतो." सगळे खापर माझ्यावर आणि त्या बिचाऱ्या निशांतवर. ते शर्ट घालायला उठलेसुद्धा.

"निशांतसरांची चूक नाहीये, बाबा," नमिता म्हणाली.

"मंग कोनाची?"

तिने काचेतून कार्डाकडे पाहिले. नामाशेठ शर्टाचे एक बटण लावून थांबले. मग त्यांनी विचारले, "कवा कवा बंद पडतो?"

"फाइट सुरू झाली की."

"लिवताना?"

"नाही."

"नुसता चालू ठेवला तं?"

"तेव्हा पण नाही. मारामारी आली की जातं."

नामाशेठ पुन्हा खुर्चीवर बसले. मित्रांनो, त्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हते, संगणकातले तर काहीच कळत नव्हते. पण वीस वर्षे त्यांनी साऊंड वाहिला होता. तीन वर्षांपूर्वी एका हळदीत त्यांनी लहान जनरेटरवर चार बेस जास्त चढवले होते. निवेदन चालू होते तोवर सगळे ठीक. पण गाण्यात बेस आला, की जनरेटर बसे. पुन्हा चालू करावा, पुन्हा बेस आला की पुन्हा बसे. नवरदेवाकडच्यांनी तेव्हा त्यांना काय काय ऐकवले होते, ते त्यांना पाठ होते.

"यो लोड हाय," ते हळूच म्हणाले. "बेस जास्त झाला, जनरेटर बारका."

ते उठले, कपाटातून दसऱ्याचे बिल काढले आणि निशांतने खाली मराठीत लिहिलेली ओळ पहिल्यांदा वाचली. ओठ हलवत, दोनदा. मग त्यांनी पोरीकडे पाहिले.

"तुना म्हायती व्हता?"

"हो."

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

"मंग बोललीस का नाय?"

नमिता कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिली. "तू नवा शर्ट घालून उभा होतास बाबा. मला कसं सांगता येणार होतं?"

नामाशेठनी बिलाची पुन्हा घडी घातली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. आवाज मोठा नव्हता. "त्या डब्याला झेपला नाय तं तो बंद पडला. त्याला तोंड नाय. तुना हाय ना? बापाला येडा ठरवायचा नाय म्हनून तू गप बसलीस, आन उद्या तुझी जागा गेली आसती तं? मी लोकांना कार्ड दाखवीत बसलो आसतो."

नमिताच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्याही आले असावे, कारण ते उगाच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी यादी आन. तुझ्या यादीत व्हता तो कार्ड कोनाकडं हाय?"

नमिताने खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिले. मोठा एसएमपीएस मागवला तर चार दिवस लागणार होते आणि फेरी उद्या सकाळी होती. यादीतले कार्ड गल्लीत समोरच होते.

पुढचे मी स्वतः पाहिलेले नाही. पुतळाबाईंनी ते नंतर शेजारणीला इतक्या वेळा सांगितले, की मला पाठ झाले आहे. नमिताने कार्ड काढून खोक्यात भरून दिले. दुपारचे चार वाजले होते. गल्लीत बायका वाळलेले कपडे काढत होत्या, पोरे क्रिकेट खेळत होती. नामाशेठ ते मोठे खोके दोन्ही हातांत धरून, सगळ्यांच्या देखत गल्ली ओलांडून गेले. त्यांना टेम्पोतून किंवा मागच्या दाराने जाता आले असते. ते गेले नाहीत. समोरच्या ओटीवर धनेश आणि त्याचे वडील चहा पीत बसले होते.

"धन्या, यो कार्ड तू घे. तुझा मना दे."

धनेश खोक्याकडे बघत राहिला. "काका, तुमचा मोठा हाय."

"म्हनून तं. तुझा जनरेटर मोठा हाय, तुना झेपल. माझ्या पोरीला झेपत नाय."

पुतळाबाई सांगायच्या, त्या घराच्या ओटीवर उभे राहून 'झेपत नाही' हे शब्द त्यांच्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारले. धनेशच्या वडिलांनी कप खाली ठेवला. वरचे पैसे किती, असे त्यांनी विचारले. नामाशेठ म्हणाले, "वरचा काय नको. पोराला सांग, येऊन बसवून दे."

धनेश लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्याने आणि नमिताने मिळून सगळे उघडले. जोडाची तार काढली, लहान कार्ड बसवले, माझ्या दोनच तारा त्याला पुरल्या. आत जागा झाली, तेव्हा काढून ठेवलेला पुढचा पंखाही जागेवर आला. किती दिवसांनी माझ्या अंगावरून वारा गेला. नमिताने कार्डाचा लगाम सोडला, कारण आता लगामाची गरजच नव्हती.

रविवारी सकाळी त्या छोट्या खोलीत उभे राहायला जागा नव्हती. पुतळाबाई, धनेश, धनेशचे वडील, वरच्या खोल्यांतले दोन भाडेकरू. नामाशेठ मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते खाली माझ्याशेजारी उकिडवे बसले होते, कॅबिनेटवर तळहात ठेवून. फेरी दोन तास चालली. लढाई पेटली की त्यांचा तळहात घट्ट व्हायचा. मी देत राहिलो. माझ्या अंगावर ओझे होते, पण ते माझे होते, माझ्या मापाचे. मी एकदाही अडखळलो नाही.

नमिताचा संघ पात्र ठरला नाही. शेवटच्या डावात थोडक्यात हरला. नमिताने कानावरचे हेडफोन काढले आणि मागे वळून तसे सांगितले. खोलीत सगळे चुकचुकले. नामाशेठ गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, "बंद पडला का?"

"नाही."

"जागा?"

"राहिली. क्षिप्रा म्हणाली, पुढच्या स्पर्धेला खेळाचा प्लॅनपण मी करायचा."

नामाशेठनी मान हलवली आणि सगळ्यांना चहा ठेवायला स्वतः आत गेले.

त्यानंतर मी पाच वर्षे नमिताच्या टेबलाखाली काम केले. तिने दर महिन्याला ब्रशने माझ्या जाळीतली धूळ काढली. जरीकाठाचे कव्हर पुतळाबाईंनी खुशीने शिलाई मशीनला दिले. पुढे नमिताला महाप्यालाच नोकरी लागली, गेम तपासून बघण्याची. तिने स्वतःच्या पगारातून नवा संगणक जोडला, पुन्हा पाच शनिवार खर्च करून. मला माळ्यावर ठेवले गेले. वर्षभर मी तिथे पडून होतो. माझ्या पंख्यात कोळ्याने जाळे केले. खोटे कशाला बोलू, त्या वर्षी मला फार एकटे वाटले.

मग एके दिवशी नामाशेठ शिडी लावून वर आले. लग्नाच्या मंडपातल्या दिव्यांच्या पट्ट्यांना नेमकी माझ्यासारख्याचीच वीज लागते, हे धनेशने त्यांना सांगितले होते. हल्ली दोन्ही घरे मोठ्या हळदीचे काम मिळून घेतात. त्यांनी माझे जाळे फुंकून काढले, हिरवी तार काळ्या तारेला जोडली, संगणकाशिवाय मला चालू करायची हीच युक्ती, आणि मी पुन्हा जागा झालो.

गेल्याच महिन्यात घणसोलीच्या एका हळदीत यजमान आले. कमानीवर अजून सहा पट्ट्या चढवा, म्हणाले, समोरच्यांच्या मंडपात यापेक्षा जास्त उजेड आहे. आजूबाजूला पाहुणे उभे होते. नामाशेठनी खिशातून चष्मा काढला, मला उजेडात धरले आणि माझी फिकट झालेली चिठ्ठी बोट ठेवून वाचली. आकडे त्यांना येतात. मग नमिताला फोन लावला, तिने सांगितलेली बेरीज ऐकली आणि पट्ट्या पिशवीत परत ठेवल्या. "याचा मालक मी हाय," ते यजमानांना म्हणाले, "याला जेवढा झेपतो तेवढाच लावनार."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद दिवशी असा संगणक येईल. तेव्हा काचेतल्या दिमाखाला भुलू नका. प्रत्येक भागाला विचारा, तुझा जोडीदार तुला पेलतो का, आणि तू त्याला पेलतोस का. आमची जाळी अधूनमधून साफ करा, आमच्या वाऱ्याची वाट अडवू नका. आणि तुमच्या घरात जे माणूस न बोलता सगळ्यांना वाढत असते, त्याच्या अंगावर अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. त्याच्यावर नवे काही ठेवण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याला विचारा.